ना नवरा, ना मठ! मध्ययुगीन युरोपात तिसरा रस्ता काढणाऱ्या 'बेगीन' बायकांची गोष्ट

१४ एप्रिल २०१३. बेल्जियममधल्या कोर्त्राइक शहरात मार्सेला पॅटिन नावाच्या ९२ वर्षांच्या आजींचं निधन झालं. त्यांना लहानपणापासून जवळजवळ दिसत नव्हतं. तरुणपणी त्यांना नन व्हायचं होतं, पण याच कारणावरून मठाने त्यांना नाकारलं. शेवटी १९४१ मध्ये गेंट शहरातल्या बेगीन वसाहतीने त्यांना जागा दिली. तिथे त्या प्रार्थनेला ऑर्गन वाजवायच्या, विणकाम करायच्या आणि आजारी लोकांचं मन रमावं म्हणून बँजो आणि अकॉर्डियनही वाजवायच्या.

त्यांच्या निधनाची बातमी जगभर छापून आली. कारण त्या जगातल्या शेवटच्या बेगीन होत्या. त्यांच्यासोबत जवळपास ८०० वर्षं चालत आलेली एक परंपरा संपली.

आता तुम्ही विचाराल, बेगीन म्हणजे नेमकं कोण? नन का? नाही. मग संसारी बाई? तेही नाही. हा गोंधळ फक्त आपलाच होतो असं नाही. १३ व्या आणि १४ व्या शतकातल्या बिशपांना, पोपना आणि राजांनाही हाच प्रश्न पडला होता. या प्रश्नापायी एका बाईला पॅरिसच्या भर चौकात जिवंत जाळण्यात आलं.

दोनच दारं : नवऱ्याचं किंवा मठाचं

गोष्ट सुरू होते १२ व्या शतकाच्या शेवटी, आजच्या बेल्जियम, नेदरलँड्स, उत्तर फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या पट्ट्यात. हा त्या काळातला युरोपचा सगळ्यात गजबजलेला भाग. इंग्लंडहून जहाजं भरून लोकर यायची आणि गेंट, ब्रुज, ईपर अशा शहरांत तिचं कापड व्हायचं. हे कापड युरोपभर विकलं जायचं. लोकर धुणं, पिंजणं, सूत कातणं ही सगळी कामं बायकांच्या हातात होती. साहजिकच गावाकडच्या मुली कामासाठी शहरात येऊ लागल्या.

पण शहरात आलेल्या एकट्या बाईकडे समाज संशयानेच बघायचा. अब्रूने जगायचं तर तिच्यासमोर दोनच दारं होती. एक नवऱ्याच्या घराचं आणि दुसरं मठाचं.

लग्नाला हुंडा लागायचा हे आपल्याला नवीन नाही. पण मठातही हुंडा लागायचा! मुलगी नन म्हणून आत घ्यायची तर बापाने सोबत जमीन किंवा पैसा द्यायचा, अशी रीतच पडली होती. चर्चच्या नियमाप्रमाणे पैसे घेऊन मठात प्रवेश देणं हे पाप होतं. १२१५ मध्ये रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने यावरून ननांच्या मठांना चांगलंच खडसावलं. तरी प्रथा काही थांबली नाही. त्यामुळे मठ म्हणजे मुख्यतः पैसेवाल्यांच्या लेकींची जागा झाली.

त्याच परिषदेने आणखी एक निर्णय घेतला. यापुढे नवे धार्मिक पंथ काढायचे नाहीत, असलेल्यांपैकीच एखादा निवडायचा. दुसरीकडे बायकांच्या मठांची सोय लावता लावता जुने पंथही दमले होते. सिस्टर्शियन या मोठ्या पंथाने १२२८ मध्ये बायकांचे नवे मठ आपल्यात घ्यायचं बंद केलं.

आणि नेमक्या याच काळात युरोपात भक्तीची मोठी लाट आली होती. येशूच्या शिष्यांसारखं साधं, गरिबीत, लोकांची सेवा करत जगायचं, असं हजारो माणसांना वाटत होतं. इटलीत असिसीचा फ्रान्सिस घरदार सोडून रस्त्यावर आला तो याच वेळी. पण फ्रान्सिस पुरुष होता. तो गावोगाव फिरू शकत होता, भीक मागू शकत होता, उपदेश करू शकत होता. त्याच्याच वाटेने निघालेल्या क्लारा या तरुणीला मात्र मठाच्या भिंतीआड राहावं लागलं.

मग जिला देवाची ओढ आहे, पण मठाचा हुंडा नाही किंवा मठाची भिंत नको आहे, तिने करायचं काय?

कुणालाही न विचारता सुरू झालेली गोष्ट

उत्तर बायकांनीच शोधलं. लिएज शहराच्या आसपास काही बायका दोघी-चौघी मिळून एकत्र राहू लागल्या. स्वतः कमवायचं, साधं खायचं, प्रार्थना करायची आणि आजाऱ्यांची सेवा करायची. या चळवळीला कुणी संस्थापक नव्हता, पोपने मंजूर केलेली नियमावली नव्हती आणि मध्यवर्ती कार्यालयही नव्हतं.

सुरुवातीच्या बायकांमधलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे मारी द ओन्यी. खात्यापित्या घरातली मुलगी, १४ व्या वर्षी लग्न झालेलं. तिने नवऱ्यालाच पटवलं की आपण ब्रह्मचर्याने राहू आणि कुष्ठरोग्यांची सेवा करू. दोघांनी ते केलंही. १२१३ मध्ये ती वारली. जाक द व्हित्री नावाच्या धर्मगुरूवर तिचा एवढा प्रभाव होता की त्याने तिचं चरित्र लिहिलं. पुढे १२१६ मध्ये त्याने पोप तिसरा होनोरियस याच्याकडून अशा बायकांना एकत्र राहायची परवानगी मिळवली. पण ती होती तोंडी. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ इथेच झाला.

१२३३ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने अशा बायकांना संरक्षण देणारा लेखी हुकूमही काढला. पण म्हणून त्यांचा अधिकृत 'पंथ' झाला नाही. 'बेगीन' हे नावसुद्धा लोकांनी टिंगल म्हणून ठेवलं होतं. तेच पुढे चिकटलं.

नन आणि बेगीन यांच्यात फरक काय?

- नन आयुष्यभराची शपथ घ्यायची. बेगीन 'इथे राहीन तोवर ब्रह्मचर्य पाळीन, इथल्या प्रमुख बाईचं ऐकेन' एवढंच कबूल करायची. उद्या लग्न करावंसं वाटलं तर ती निघून जाऊ शकत होती.
- ननला स्वतःची मालमत्ता ठेवता येत नसे. बेगीनची कमाई, घर, वारसाहक्क तिचाच राहायचा.
- नन देणग्या आणि जमिनीच्या उत्पन्नावर जगायची. बेगीन बहुतेक वेळा हाताने काम करून पोट भरायची.
- ननने मठाबाहेर पडू नये, असा सगळ्या ननांसाठीचा कडक नियम १२९८ मध्ये पोप आठवा बोनिफेस याने केला. बेगीन मात्र बाजारात, दवाखान्यात, लोकांच्या घरी जायची.

थोडक्यात, बेगीन स्वतःच्या पायावर उभी होती आणि तिच्या वतीने उत्तर द्यायला ना नवरा होता, ना पंथाचा वरिष्ठ.

शहरातलं बायकांचं शहर

सुरुवातीला बेगीन बायका साध्या भाड्याच्या घरांत राहायच्या. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी ही पद्धत शेवटपर्यंत राहिली. एकट्या कोलोन शहरात त्यांची शंभरावर छोटी घरं होती. १३ व्या शतकातला इंग्लिश इतिहासकार मॅथ्यू पॅरिस याने कोलोन आणि आसपास २,००० बेगीन असल्याचं नोंदवून ठेवलंय.

आजच्या बेल्जियम-नेदरलँड्समध्ये मात्र वेगळंच काहीतरी उभं राहिलं. फ्लँडर्स प्रांताची सत्ता तेव्हा योहाना आणि तिच्यानंतर तिची बहीण मार्गारेटा यांच्याकडे होती. या दोघींनी बेगीन बायकांना जागा आणि संरक्षण दिलं. गेंटची सेंट एलिझाबेथ वसाहत आणि ब्रुजची प्रसिद्ध वसाहत याच काळातल्या.

ही वसाहत म्हणजे शहराच्या आत एक छोटं शहर असायचं. भोवती भिंत किंवा पाण्याचा कालवा आणि एक मोठं दार. आत हिरवळ, हिरवळीभोवती छोटी घरं, मधे चर्च आणि एक आजारघर. सकाळी दार उघडायचं, रात्री बंद व्हायचं. कारभार बघायला बायकांमधूनच निवडलेली प्रमुख बाई. १३ व्या शतकाच्या अखेरीस गेंटच्या सेंट एलिझाबेथमध्ये सहाशेहून जास्त बायका राहत होत्या. मेखेलन शहरातल्या वसाहतीत तर पुढे हा आकडा हजाराच्या वर गेला.

या वसाहतीचं रोजचं जगणं कसं होतं, हे गेंटमध्ये १३२८ साली तयार झालेल्या एका अहवालातून कळतं. बायका शहरातून येणारी लोकर आणि कापड धुऊन द्यायच्या. झोपायला पेंढ्याची गादी, जेवायला भाकरी आणि पातळ रश्श्यासारखं कालवण. काम करता करता प्रार्थना चालायची. या वसाहती का काढाव्या लागल्या याचं कारणही त्यात सरळ दिलंय. चांगल्या घरच्या कितीतरी मुलींना योग्य स्थळ मिळत नव्हतं आणि आईबाप गरीब असल्याने मठातही जाता येत नव्हतं.

बेगीन मुलींना शिकवायच्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करायच्या. कुणी वारलं की प्रेताजवळ बसून प्रार्थना करायलाही त्यांना बोलावलं जायचं. पॅरिसमध्ये राजा नववा लुई याने १२६० च्या सुमारास त्यांच्यासाठी मोठी वसाहत उभारून दिली. तिथल्या बऱ्याच बेगीन रेशमाच्या धंद्यात होत्या.

देवाशी बोलायचं, पण आपल्या भाषेत

इथपर्यंत वाचून वाटेल, की मग चर्चला अडचण काय होती? कष्ट करणाऱ्या, सेवा करणाऱ्या, देवभक्त बायका कुणाला नको असतील?

अडचण होती भाषेची. त्या काळी बायबल, धर्मशास्त्र आणि चर्चमधली प्रार्थना सगळं लॅटिनमध्ये. लॅटिन शिकायचं विद्यापीठात किंवा मठात, आणि विद्यापीठात बायकांना प्रवेश नव्हता. बेगीन बायकांनी यावर साधा उपाय काढला. त्या आपल्या रोजच्या भाषेत वाचू लागल्या, लिहू लागल्या.

मेख्टिल्ड ही माग्देबुर्ग शहरातली बेगीन. साधारण १२५० पासून तिने देवाबद्दलचे आपले अनुभव स्थानिक जर्मन बोलीत लिहायला घेतले. त्यात तिने ऐषारामात लोळणाऱ्या धर्मगुरूंवरही कोरडे ओढले. त्याचा त्रास झालाच. म्हातारपणी दृष्टी गेली, तेव्हा तिने हेल्फ्टाच्या मठात आसरा घेतला आणि उरलेलं पुस्तक तिथल्या ननांना सांगून लिहून घेतलं. ब्राबांट भागातल्या हाडेविखने डच भाषेत कविता आणि पत्रं लिहिली. डच साहित्याचा इतिहास आज तिच्याशिवाय सुरूच होत नाही.

विद्वानांच्या मते मात्र हा आगाऊपणा होता. १२७४ मध्ये ल्यों शहरातल्या परिषदेसाठी गिल्बेर द तुर्ने या फ्रान्सिस्कन पंडिताने चर्चमधल्या गैरप्रकारांची यादी केली. त्यात बेगीन बायकांचं नाव होतं. त्याची तक्रार अशी की या बायका धर्मग्रंथांचं फ्रेंच भाषांतर वाचतात, तेही घोळक्यात बसून, कामाच्या जागी आणि रस्त्यावर. शिवाय यांना नन म्हणावं की संसारी, तेच कळत नाही, असंही त्याचं म्हणणं होतं. पॅरिसचा कवी रुतबफ यानेही त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली.

पुस्तक जाळलं, ती गप्प बसली नाही

या सगळ्याचा कडेलोट झाला मार्गरीट पोरेतच्या प्रकरणात.

मार्गरीट व्हॅलेन्सिएन भागातली. तिच्यावरच्या खटल्याच्या कागदांत तिचा उल्लेख 'बेगीन' असाच आहे. ती वसाहतीत राहणारी नव्हती, बहुधा एकटीच असायची. तिने फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहिलं, 'साध्या आत्म्यांचा आरसा'. त्यात प्रेम, बुद्धी आणि आत्मा या तीन पात्रांचा संवाद आहे. मुद्दा असा, की आत्मा देवाच्या प्रेमात पूर्ण विरघळला की त्याला उपास, प्रवचन, प्रार्थना यांची गरज उरत नाही. हे सगळं ऐकून बुद्धी चक्क मरते!

आता असं म्हणणं म्हणजे सरळ धर्मगुरूंच्या कामावरच घाला. कँब्रेच्या बिशपने तिच्यासमोर व्हॅलेन्सिएनमध्ये ते पुस्तक जाळलं आणि पुन्हा या गोष्टी पसरवायच्या नाहीत अशी ताकीद दिली.

मार्गरीटने ऐकलं नाही. उलट तिने पुस्तक जाणकारांना वाचायला पाठवलं. त्यातल्या तिघांनी अनुकूल मतही दिलं, त्यात पॅरिस विद्यापीठात शिकवलेला नावाजलेला विद्वान गॉडफ्रे ऑफ फाँतेन होता. पण सगळ्यांना ते पटलं नाही. खुद्द बेगीनसुद्धा मला चुकीचं ठरवतात, हे तिने पुस्तकातच नोंदवलंय.

१३०८ मध्ये तिला पकडून पॅरिसला आणलं. चौकशी अधिकारी होता गियोम द पारी, राजा चौथा फिलिप याचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू. याच माणसाकडे तेव्हा टेम्प्लर नाइट्सच्या गाजलेल्या प्रकरणाचीही चौकशी होती. त्याने मार्गरीटला शपथ घेऊन उत्तरं द्यायला सांगितलं. तिने नकार दिला. जवळपास दीड वर्ष ती कैदेत होती आणि या काळात तिने चौकशीत तोंड उघडलं नाही. तिची बाजू घ्यायला गियार नावाचा एक पुरुष पुढे आला. त्यालाही पकडलं. त्याने शेवटी कबुली दिली आणि त्याला जन्मठेप झाली.

एप्रिल १३१० मध्ये पॅरिस विद्यापीठातल्या २१ पंडितांसमोर तिच्या पुस्तकातली निवडक विधानं ठेवण्यात आली. सगळ्यांनी एकमुखाने ती धर्मविरोधी ठरवली. १२ मे रोजी पॅरिसमध्ये ५४ टेम्प्लर जाळले गेले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ जून १३१० रोजी, प्लास द ग्रेव्ह या चौकात मार्गरीटला जिवंत जाळलं. तिला बघून जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तिच्या विरोधात असलेल्या बखरकारानेही लिहून ठेवलंय.

सुक्याबरोबर ओलंही जळालं

प्रकरण इथे थांबलं नाही. १३११-१२ मध्ये फ्रान्समधल्या व्हिएन शहरात चर्चची मोठी परिषद भरली. मार्गरीटचं पुस्तक तपासणाऱ्या पंडितांपैकी काही जण तिथेही होते. परिषदेतल्या एका ठरावाचा आशय असा : या बायका कुणाच्या आज्ञेत राहायची शपथ घेत नाहीत, मालमत्ता सोडत नाहीत, मंजूर नियम पाळत नाहीत आणि तरी वेगळा वेश घालतात. वर त्यातल्या काही देवाच्या स्वरूपाबद्दल वाद घालतात. म्हणून ही जीवनपद्धती बंद करण्यात येत आहे.

गंमत म्हणजे याच ठरावाच्या शेवटी एक पुस्ती होती. ज्या श्रद्धाळू बायका आपल्या घरी राहून प्रामाणिकपणे देवाची सेवा करतात, त्यांना कुणी अडवू नये. म्हणजे एकाच कागदात बंदीही आणि परवानगीही!

१३१७ मध्ये हा ठराव जाहीर झाला आणि बिशपांनी आपापल्या सोयीने अर्थ लावला. स्ट्रासबर्गमध्ये बेगीन बायकांची धरपकड सुरू झाली. १३१८ मध्ये पोप बावीसावा जॉन याला 'चांगल्या बेगीन बायकांना त्रास देऊ नका' असा वेगळा हुकूम काढावा लागला. पण संशय एकदा बसला तो बसलाच. १५ व्या शतकाच्या सुरुवातीला बाझेल शहराने आपल्याकडच्या बेगीन बायकांना हाकलून दिलं. बऱ्याच ठिकाणी त्यांना एखाद्या मंजूर पंथात सामील व्हायला लावलं गेलं. पॅरिसची राजाने दिलेली वसाहतही १५ व्या शतकाच्या अखेरीस ननांच्या ताब्यात गेली.

मग बेल्जियममध्ये कशा टिकल्या?

१३२० च्या दशकात फ्लँडर्समधल्या वसाहतींचीही चौकशी झाली. गेंटचा तो १३२८ चा अहवाल याच चौकशीचा भाग. निकाल बायकांच्या बाजूने लागला.

याची कारणं व्यवहारी होती. कापडाच्या शहरांना या बायकांचे हात हवे होते, आजाऱ्यांकडे बघणारं माणूस हवं होतं आणि राज्यकर्त्या घराण्याचा त्यांना पाठिंबा होता. शिवाय सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्याभोवती भिंत होती. एक दार, एक वेश, एक प्रमुख बाई, एक ठरलेला धर्मगुरू. बिशपला 'या कुणाच्या ताब्यात आहेत' या प्रश्नाचं उत्तर मिळत होतं. ज्या बायका भाड्याच्या घरात दोघी-तिघी राहत होत्या किंवा मार्गरीटसारख्या एकट्या होत्या, त्यांच्याकडे हे उत्तर नव्हतं.

जी भिंत टाळण्यासाठी हा तिसरा रस्ता निघाला, तीच भिंत शेवटी टिकून राहण्याची अट झाली. फरक एवढाच, की या भिंतीचं दार रोज सकाळी उघडायचं आणि कायमचं निघून जायची मुभाही होती.

पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणा आली, फ्रेंच राज्यक्रांती आली, वसाहती जप्त झाल्या, काही पुन्हा सुरू झाल्या. २० व्या शतकात बायकांसाठी शिक्षणाची आणि नोकरीची दारं उघडली, तशा नव्या बेगीन येणं थांबलं.

आज काय उरलंय?

१९९८ मध्ये युनेस्कोने बेल्जियममधल्या १३ बेगीन वसाहतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ल्यूव्हनच्या मोठ्या वसाहतीत आता विद्यापीठाचे विद्यार्थी आणि पाहुणे संशोधक राहतात. ब्रुजच्या वसाहतीत बेनेडिक्टाइन नन आहेत आणि तिथल्या हिरवळीचे फोटो इन्स्टाग्रामवर भरपूर दिसतात.

आणि मार्गरीटचं पुस्तक? ते जळून संपलं नाही. त्याच्या प्रती लपतछपत फिरत राहिल्या आणि लॅटिन, इटालियन, इंग्लिश भाषांत भाषांतरं झाली. फक्त लेखिकेचं नाव गळून पडलं. एखाद्या सज्जन धर्मगुरूनेच ते लिहिलं असावं असं समजून लोक भक्तिभावाने वाचत राहिले. १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची आधुनिक आवृत्ती निघाली, तीही कॅथलिक चर्चच्या अधिकृत मंजुरीने!

शेवटी १९४६ मध्ये रोमाना ग्वार्निएरी या इटालियन संशोधिकेने जुनी हस्तलिखितं आणि खटल्याचे कागद जुळवून सिद्ध केलं, की हे पुस्तक १३१० मध्ये जाळलेल्या मार्गरीट पोरेतचं आहे. हा शोध त्यांनी जाहीर केला तो व्हॅटिकनच्याच वृत्तपत्रात. ६३६ वर्षांनी पुस्तकाला त्याच्या लेखिकेचं नाव परत मिळालं.